मान्यता आणि आत्मभान : जर्मन चिद्वादाच्या मराठी वाचनाची चिकित्सा

१

कांटची 'शुद्ध प्रज्ञेची चिकित्सा' १७८१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १८३१ मध्ये हेगेल निवर्तला. ह्या पन्नास वर्षांच्या अवधीत कांट, फिख्ते, शेलिंग आणि हेगेल ह्यांनी जी विचारपरंपरा उभी केली तिला आपण जर्मन चिद्वाद म्हणतो. प्रज्ञा, आत्मभान आणि वास्तव ह्या तीन संकल्पनांचा परस्परसंबंध हा ह्या परंपरेचा मध्यवर्ती प्रश्न होय. मराठी अभ्यासकाला ही परंपरा प्रथमदर्शनी परकी वाटत नाही. 'अहं'पासून आरंभ करून विश्वाच्या अधिष्ठानापर्यंत जाणारी विचारसरणी त्याच्या परिचयाची असते. 'स्वसंवेद्य' हा शब्द तर ज्ञानेश्वरीपासून मराठीत रुळलेला आहे. ह्या जवळिकीमुळेच 'हे सर्व आमच्या वेदान्तात आहेच' असा निष्कर्ष काढण्याचा मोह आपल्याकडे वारंवार झाला.

प्रस्तुत लेखाचा हेतू ह्या मोहाची चिकित्सा करण्याचा आहे. जर्मन चिद्वाद आणि अद्वैत वेदान्त ह्यांत साम्य नाही, असे येथे म्हणावयाचे नाही. ते साम्य दाखविताना कोणती एक गोष्ट आपल्या हातून निसटली, एवढेच पाहावयाचे आहे. ती गोष्ट म्हणजे 'मान्यता'. एका आत्मभानाने दुसऱ्या आत्मभानाला स्वतंत्र म्हणून मानणे, आणि ते मानणे कायदा, संस्था व व्यवहार ह्यांत उतरणे, ह्याला हेगेलच्या विचारात जे स्थान आहे ते आपल्या वाचनात उरले नाही. ही उणीव केवळ ग्रंथांच्या अर्थनिर्णयापुरती असती तर तिची चर्चा परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत संपली असती. परंतु चंद्रपूर आणि गडचिरोली ह्या अरण्यप्रधान जिल्ह्यांत गेल्या काही दशकांत जे घडले आहे त्याचा तात्त्विक अर्थ लावावयाचा झाल्यास नेमकी हीच संकल्पना आपणांस लागते. तेथे एका कायद्याच्या नावातच 'मान्यता' हा शब्द आला आहे. म्हणून प्रथम मराठी वाचनाचा, मग मूळ जर्मन विचाराचा आणि शेवटी ह्या अरण्यातील प्रश्नाचा परामर्श घेऊ.

२

मराठीत कांटचा व त्याच्या उत्तरकालीन परंपरेचा गंभीर विचार करणाऱ्या ग्रंथांत लोकमान्य टिळकांच्या 'गीतारहस्या'ला अग्रस्थान द्यावे लागेल. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलेला आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ कांट, शोपेनहौअर आणि इंग्लंडातील हेगेलप्रभावित नीतिचिंतक ग्रीन ह्यांची दखल घेतो. नीतीचा पाया सुखदुःखांच्या हिशेबात नसून अध्यात्मात आहे, हे ग्रीनचे म्हणणे टिळकांना गीतेच्या भूमिकेस जवळचे वाटले. ही तुलना वरवरची नव्हती. युरोपीय विचाराला समोरासमोर बसवून त्याच्याशी मराठीत वाद घालण्याचे सामर्थ्य तिच्यात होते.

तथापि ह्या तुलनेतील एक सांधा तपासण्याजोगा आहे. कांटच्या दोन चिकित्सांचा विषय असलेल्या शुद्ध प्रज्ञा आणि व्यवहारप्रज्ञा ह्यांची जोडी टिळकांनी गीतेतील व्यवसायात्मिक बुद्धी आणि वासनात्मक बुद्धी ह्या जोडीशी जुळविली. ही जुळणी सोयीची असली तरी तीत कांटचा अभिप्राय उलटा होतो. कांटच्या मते व्यवहारप्रज्ञा ही वासनेचे दुसरे नाव नव्हे. वासना जे मागते ते बाजूस सारून इच्छाशक्ती स्वतःच स्वतःला नियम घालून देते, तेव्हा प्रज्ञा व्यवहारात उतरली असे तो म्हणतो. व्यवहारप्रज्ञा वासनेच्या पक्षात घातली की स्वयंशासनाची संकल्पनाच नाहीशी होते. हा भेद पुढे एका प्रत्यक्ष उदाहरणाने स्पष्ट होईल.

दुसरा टप्पा अमळनेरचा. प्रतापशेठ ह्यांच्या औदार्यातून १९१६ मध्ये तेथे तत्त्वज्ञानमंदिर स्थापन झाले, आणि खानदेशातील ह्या लहान गावी कांट आणि शंकराचार्य ह्यांचे अध्ययन शेजारी शेजारी चालू लागले. कृष्णचंद्र भट्टाचार्य ह्यांचा ज्ञात्याच्या स्वातंत्र्याविषयीचा प्रसिद्ध इंग्रजी प्रबंध १९३० मध्ये येथूनच प्रकाशित झाला. कांटने आत्मा विचार्य मानला पण ज्ञेय मानला नाही; भट्टाचार्यांनी ह्या मर्यादेवर आक्षेप घेऊन आत्मज्ञानाची शक्यता प्रतिपादिली. देह, मन आणि त्यापलीकडील पातळ्या अशा क्रमाने ज्ञाता विषयापासून सुटत जातो, आणि हे सुटत जाणे म्हणजेच त्याचे स्वातंत्र्य, अशी त्यांची मांडणी आहे. 'कांट म्हणजे वेदान्त' असे भोळे समीकरण त्यांनी केले नाही, हे मुद्दाम नमूद केले पाहिजे. कांटशी त्यांचा मतभेद स्पष्ट आणि जाणीवपूर्वक आहे.

परंतु ह्या दोन्ही प्रयत्नांत, त्यांचे मार्ग इतके भिन्न असतानाही, एक गोष्ट समान राहते. टिळकांच्या मांडणीत दुसरा मनुष्य येतो तो सर्वभूतात्मैक्याच्या द्वारे. त्याच्या ठायी तोच आत्मा आहे म्हणून मी त्याच्याशी समबुद्धीने वागावयाचे. भट्टाचार्यांच्या मांडणीत स्वातंत्र्याची वाट विषयापासून मागे फिरण्याची आहे. त्या वाटेवर दुसऱ्या ज्ञात्याशी गाठ पडणे हा निर्णायक प्रसंग ठरत नाही. पहिल्या ठिकाणी ऐक्य आधीच सिद्ध आहे, दुसऱ्या ठिकाणी स्वातंत्र्य एकाकी आहे. दोन्ही ठिकाणी मान्यता ही घडावी लागणारी, आणि म्हणून न घडण्याचीही शक्यता असलेली कृती राहत नाही. ऐक्य सिद्धच असेल तर दुसऱ्याला मान्यता देणे म्हणजे केवळ अज्ञानाचा पडदा दूर होणे. काश्मीर शैवांचा 'प्रत्यभिज्ञा' हा शब्द हीच गोष्ट सुंदर रीतीने सांगतो : जे मुळात आहेच त्याची पुन्हा ओळख पटणे. हेगेलला अभिप्रेत असलेली गोष्ट ह्याहून निराळी आहे.

३

तिचे बीज कांटमध्येच सापडते, आणि ते आपल्या अभ्यासक्रमात बहुधा दुर्लक्षित राहते. 'शुद्ध प्रज्ञेच्या चिकित्से'तील सर्वांत कठीण प्रकरण म्हणजे शुद्ध कल्पनांचे 'डिडक्शन'. तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा शब्द 'निगमन' ह्या अर्थाने परिचित असल्याने तो येथेही तसाच समजतो. कांटने मात्र तो आपल्या काळच्या कायद्याच्या भाषेतून उचलला आहे. एखाद्या प्रदेशावर किंवा मालमत्तेवर आपला हक्क कसा पोहोचतो हे सिद्ध करणाऱ्या दाव्याच्या लेखाला त्या काळी हे नाव होते. म्हणूनच प्रकरणाच्या आरंभी कांट वस्तुस्थितीचा प्रश्न आणि हक्काचा प्रश्न ह्यांत भेद करतो. कार्यकारणभावासारखी कल्पना आपण वापरतो ही वस्तुस्थिती झाली. ती वापरण्याचा आपणांस अधिकार काय, हा हक्काचा प्रश्न झाला. मराठी शेतकऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर वहिवाट वेगळी आणि हक्क वेगळा. नुसती वहिवाट दाखवून हक्क सिद्ध होत नाही; आणि हक्क नाकारण्यासाठी नुसता कागद नाही असे म्हणणेही पुरेसे नाही.

कांटचे उत्तर आत्मभानात आहे. माझ्या सर्व संवेदनांना एकत्र बांधणारी 'मी विचार करतो' ही जाणीव शक्य नसेल, तर त्या संवेदना माझ्या ठरणारच नाहीत. ह्या एकत्वामुळेच अनुभवाला वस्तुनिष्ठता येते. येथे अद्वैतातील साक्षीची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु साक्षी अकर्ता आहे. कांटचा 'मी' म्हणजे एकत्र बांधण्याची क्रिया. शिवाय ह्या 'मी'वरून आत्मा नावाच्या द्रव्याचे अनुमान करता येत नाही, असे कांट त्याच ग्रंथात बजावतो. त्याचा 'मी' स्वप्रकाश वस्तू नसून दाव्याला आधार देणारे एक कर्तृत्व आहे. ज्ञान म्हणजे दावा, आणि दावा म्हणजे त्याची जबाबदारी घेणारा कोणीतरी, हा त्या प्रकरणाचा गाभा होय.

फिख्तेने पुढचे पाऊल टाकले. १७९४ च्या ग्रंथात त्याने 'मी'ला स्वतःची स्थापना करणारी क्रिया म्हटले, आणि केवळ ह्याच वाक्यावर त्याला आपल्याकडे वेदान्ताच्या पंक्तीला बसविण्यात येते. १७९६ मधील नैसर्गिक हक्कावरील त्याचा ग्रंथ मात्र क्वचितच वाचला जातो. तेथे तो म्हणतो की कोणीही मनुष्य एकट्याने आत्मभान मिळवू शकत नाही. दुसरा स्वतंत्र मनुष्य त्याला साद घालतो, कृती करण्यास आवाहन करतो, आणि त्या सादेत त्याला प्रथम आपण स्वतंत्र आहो हे कळते. साद घालणारा आपल्या स्वातंत्र्यास आवर घालून समोरच्यासाठी जागा मोकळी ठेवतो. हक्काचा उगम फिख्तेच्या मते येथे आहे.

हेगेलने १८०७ च्या ग्रंथात ह्या विचाराला इतिहासाची खोली दिली. दोन आत्मभाने समोरासमोर येतात, प्रत्येकाला दुसऱ्याकडून मान्यता हवी असते, आणि प्रथम त्यांच्यात झगडा होतो. एक स्वामी ठरतो, दुसरा दास. पण स्वामीचा विजय पोकळ निघतो. ज्याला तो स्वतंत्र मानीत नाही त्याच्याकडून मिळणाऱ्या मान्यतेला त्याच्याच लेखी किंमत नसते. उलट दास वस्तूला आकार देता देता स्वतःच्या सामर्थ्याची जाणीव मिळवितो. खरी मान्यता परस्परच असू शकते. 'मी' हा 'आम्ही' असतो आणि 'आम्ही' हा 'मी' असतो, ह्या स्थितीला हेगेल 'गाइस्ट' म्हणतो. ह्या शब्दाचे आपण 'चैतन्य' असे भाषांतर करतो तेव्हा त्यातील हे 'आम्ही' लुप्त होते.

येथे मराठीचा एक गुण उपयोगी पडतो. आपल्याकडे 'ओळख' आणि 'मान्यता' असे दोन शब्द आहेत. ओळख ज्ञानाची बाब आहे. मान्यतेत 'मान' आहे. पोलीसपाटील गावातील प्रत्येकाला ओळखतो, पण प्रत्येकाच्या शब्दाला सभेत मान्यता असतेच असे नाही. प्रत्यभिज्ञा ओळखीच्या बाजूस पडते. हेगेलची संकल्पना मान्यतेच्या.

ह्याच ठिकाणी वास्तवाचाही अर्थ बदलतो. जे प्राज्ञ ते वास्तव आणि जे वास्तव ते प्राज्ञ, ह्या आशयाचे हेगेलचे विधान १८२० मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत आले, आणि तेव्हापासून प्रस्थापिताचे समर्थन म्हणून त्याच्यावर टीका होत आली. १८२७ मध्ये 'विश्वकोशा'च्या दुसऱ्या आवृत्तीत हेगेलने खुलासा केला की जे जे म्हणून अस्तित्वात आहे ते सर्व त्याच्या अर्थाने वास्तव नव्हे. आकस्मिक अस्तित्वाला तो हे नाव देत नाही. त्याचा शब्द 'करणे, परिणाम घडविणे' ह्या अर्थाच्या धातूशी निगडित आहे. अद्वैतातील त्रिकालाबाधित सत् हा त्याला पर्याय नव्हे. बौद्ध नैयायिकांची अर्थक्रियाकारित्वाची कसोटी त्याला अधिक जवळची आहे. ज्या हक्काचा परिणाम घडत नाही तो हक्क असतो, परंतु वास्तव नसतो.

४

ह्या संकल्पना चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यात नेणे म्हणजे ओढूनताणून केलेला प्रवास आहे, असे कोणास वाटण्याचा संभव आहे. परंतु ह्या दोन जगांत एक प्रत्यक्ष दुवा आहे. हिंदुस्थानातील वनखात्याचा पहिला प्रमुख डीट्रिख ब्रँडिस हा जर्मन होता. त्याचा जन्म १८२४ मध्ये बॉन येथे झाला, आणि त्याचे वडील क्रिस्टिआन आउगुस्ट ब्रँडिस हे तेथील विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक व ग्रीक तत्त्वज्ञानाचे इतिहासकार होते. ब्रँडिस १८६४ मध्ये वनखात्याचा प्रमुख झाला. त्याच्यानंतर श्लिख आणि रिबेनट्रॉप हे दोघे जर्मनच त्या पदावर आले.

१८७८ चा वनकायदा होण्यापूर्वी ह्या खात्यात एक मूलभूत वाद झाला. गावकरी जंगलातून सरपण, बांबू, मोहफुले, चराई घेत आले आहेत. हा त्यांचा हक्क की सरकारने दिलेली सवलत? बेडन-पॉवेलचे म्हणणे असे की ज्या वापराला राज्याची स्पष्ट मान्यता नाही तो हक्क नव्हे, सवलत होय. आणि सवलत काढून घेता येते. ब्रँडिस परंपरागत वापराला अधिक वजन देण्याच्या व ग्रामवने राखण्याच्या बाजूचा होता. कायद्यात पहिल्या मताचा वरचष्मा झाला. ग्रामवनाची तरतूद कागदावर राहिली, तिचा वापर अत्यल्प झाला. मध्यप्रांतात 'निस्तार' हा शब्द ह्या वापरासाठी रूढ होता. नव्या व्यवस्थेत निस्तार म्हणजे कृपेने चालू राहिलेली वहिवाट असे त्याचे रूप झाले. कांटच्या परिभाषेत सांगावयाचे तर वस्तुस्थिती मान्य करण्यात आली आणि हक्काचा प्रश्न राज्याच्या मर्जीत विसर्जित करण्यात आला.

हाच प्रश्न ऱ्हाइन नदीच्या काठी त्याआधीच उपस्थित झाला होता. १८४२ मध्ये तरुण मार्क्सने ऱ्हाइन प्रांताच्या विधिमंडळातील लाकूडचोरीच्या कायद्यावरील चर्चेची चिकित्सा वृत्तपत्रातून केली. जंगलात गळून पडलेला काटक्याकुटक्यांचा पाला गोळा करणे म्हणजे उभे झाड तोडणे, असे तो कायदा मानू पाहात होता. मार्क्सने त्यावर हेगेलच्याच शस्त्राने हल्ला केला : गळून पडलेले लाकूड झाडापासून व म्हणून झाडाच्या मालकीपासून निसर्गतःच वेगळे झालेले आहे, ते गोळा करण्याची गरिबांची रूढी हा हक्क आहे, तो नाकारणारा कायदा सार्वत्रिक प्रज्ञेचे रूप धारण करून खाजगी हितसंबंधाची सेवा करतो. वस्तूचे वर्गीकरण हीच येथे हक्काची रणभूमी आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

५

आता अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६ ह्याकडे वळू. ह्या कायद्याच्या उद्देशिकेत वननिवासी समाजांवर झालेल्या ऐतिहासिक अन्यायाचा उल्लेख आहे, आणि त्याच्या नावात 'प्रदान' नव्हे तर 'मान्यता' हा शब्द आहे. कायदा नवा हक्क देत नाही. पूर्वीपासून असलेल्या हक्काला मान्यता देऊन तो निहित करतो. ह्या दोन क्रियापदांत दोन बाजू आहेत. हक्क आधीच आहे, म्हणून ही सवलत नव्हे. आणि तरीही मान्यतेवाचून तो वास्तव होत नाही, म्हणून मान्यता हा निव्वळ उपचारही नव्हे. बेडन-पॉवेलच्या भूमिकेत पहिली बाजू नाही. 'ऐक्य सिद्धच आहे' असे म्हणणाऱ्या आपल्या वाचनात दुसरी बाजू नाही. दोन्ही एकत्र धरणे ही हेगेलची दृष्टी होय : जे अंतर्हित आहे ते मान्यतेच्या द्वारा वास्तव व्हावे लागते.

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) ह्या गोंड गावाचा अनुभव ह्या दृष्टीने बोलका आहे. २००९ मध्ये मेंढा आणि मर्दा ह्या गावांना सामूहिक वनहक्क मिळाले. देशात असे हक्क सर्वप्रथम मिळविणाऱ्या गावांत त्यांची गणना होते. मेंढ्याच्या हक्काखालील क्षेत्र सुमारे १८०० हेक्टर आहे. परंतु हक्क मिळाल्यावरही बांबूचा प्रश्न सुटला नाही. २००६ च्या कायद्याने बांबूला गौण वनोपजात घातले होते. १९२७ च्या वनकायद्याच्या व्याख्येत तो 'झाड' होता. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू गवताच्या कुळातला, पण वाहतुकीच्या परवान्यावाचून तो गावाबाहेर जाऊ शकत नव्हता. अखेर एप्रिल २०११ मध्ये परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला, आणि १९२७ च्या कायद्याच्या व्याख्येतून बांबू वगळण्यास २०१७ साल उजाडावे लागले. २००९ ते २०११ ह्या काळातील मेंढ्याचा हक्क म्हणजे हेगेलच्या भेदाचे जिवंत उदाहरण होय : मान्य झालेला, परंतु अजून वास्तव न झालेला. आणि ऱ्हाइनच्या काटक्यांप्रमाणे येथेही वाद एका वस्तूच्या वर्गीकरणाचा होता.

परंतु मेंढ्याचे महत्त्व हक्क मिळाला एवढ्यावर थांबत नाही. हा कायदा होण्याच्या कितीतरी आधीपासून ह्या गावाने 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' अशी भूमिका घेतली होती. ही घोषणा बंडाची आहे असे समजणे चुकीचे होईल. तिच्या पूर्वार्धात दिल्ली-मुंबईचे सरकारही 'आमचे' म्हटलेले आहे. राज्याला मान्यता देऊन त्याच श्वासात राज्याकडून मान्यता मागणे, हे परस्परमान्यतेचे रूप त्या एका वाक्यात आहे. फिख्तेच्या अर्थाने ती राज्याला घातलेली साद आहे.

त्या गावातील निर्णयपद्धतीही विचारार्ह आहे. ग्रामसभेत निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. आणि ग्रामसभेहून वेगळे असे अभ्यासगट विषयाची चर्चा करतात पण निर्णय घेत नाहीत. कारणांचा शोध आणि निर्णयाचा अधिकार ह्यांना असे वेगळे ठेवल्यामुळे माहितगाराची सत्ता होत नाही, आणि निर्णयही अंधपणे होत नाही. बहुमतात अल्पमताच्या कारणांना उत्तर द्यावेच लागते असे नाही, ते मोजून बाजूस ठेवता येते. सर्वसहमतीत प्रत्येकाच्या नकाराला वजन असते. प्रज्ञा ही कोणा एकाच्या डोक्यातील शक्ती नसून कारणे मागण्याची व देण्याची सार्वजनिक पद्धती आहे, हे कांट-हेगेल परंपरेचे मर्म येथे आचरणात दिसते.

आता व्यवहारप्रज्ञेच्या मुद्द्याकडे परत येऊ. चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावला २०१२ मध्ये सुमारे १००० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. तेंदूपाने हे ह्या भागात हमखास रोख उत्पन्नाचे साधन. परंतु चांगली पाने मिळावीत म्हणून झाडे छाटली जातात, आगी लावल्या जातात आणि फळे हातची जातात, हे ध्यानात घेऊन पाचगावच्या ग्रामसभेने तेंदूपाने तोडणे बंद केले. जंगलाचा काही भाग देवराई म्हणून तिने राखून ठेवला. येथे नियम घालणारा आणि नियम पाळणारा एकच आहे. वासनात्मक बुद्धी एवढाच व्यवहारप्रज्ञेचा अर्थ असेल तर ह्या निर्णयाचे स्पष्टीकरण देता येत नाही, कारण वासनेचा कौल उघडच पैशाच्या बाजूचा होता. कांटला अभिप्रेत असलेले स्वयंशासन ते हेच. हक्काला मान्यता मिळाल्यावर त्या हक्काला मर्यादा घालण्याचे सामर्थ्यही त्याच 'आम्ही'मध्ये निर्माण झाले, ही गोष्ट मान्यतेविषयी ग्रंथांपेक्षा अधिक शिकविते.

६

येथवर आल्यावर उलट दिशेचा मोह टाळला पाहिजे. मेंढा किंवा पाचगाव हे हेगेलचे उदाहरण म्हणून जन्मास आलेले नाहीत, आणि हेगेलची दृष्टी त्यांच्यापुढे न्यूनच ठरते. त्याच्या इतिहासमीमांसेत जेथे राज्य नाही तेथे इतिहास नाही. भारतीय चैतन्याला तो स्वप्नावस्थेतील मानतो. हुंबोल्टच्या गीताविषयक निबंधाचे १८२७ मध्ये त्याने केलेले परीक्षण विस्तृत आहे. योगातील एकाग्रता म्हणजे आशयशून्य अमूर्तता असा त्याचा आक्षेप आहे. आपल्या एकाकी साक्षीवरील तो आक्षेप विचारात घेण्यासारखा असला, तरी ज्याने मान्यतेचे तत्त्व शोधले त्यानेच मानवजातीच्या मोठ्या भागाला मान्यता नाकारली, हा विरोध लपविता येणार नाही. अरण्यातील गोंड त्याच्या नकाशावर नाहीतच.

ह्याहून खोल असा एक दोष त्याच्या राज्यविचारात आहे. व्यक्ती आणि राज्य ह्यांच्या दरम्यान तो व्यवसायसंघ, नगरे आणि स्थानिक समाज ह्यांना मध्यस्थ स्थान देतो. त्या संघात मनुष्याला प्रतिष्ठा आणि मान्यता मिळते. ग्रामसभेचे स्थान ह्या मांडणीत कोठे तरी येथेच पडेल. परंतु अखेरची मान्यता देणारा तो राज्यच ठेवतो, आणि राज्याला मान्यता कोण देणार हा प्रश्न अनुत्तरित राहतो. दावा तपासणारा राज्य, निर्णय देणारा राज्य, आणि ज्याच्याविरुद्ध दावा आहे तोही राज्य, अशी स्थिती वनहक्काच्या बाबतीत वारंवार येते. ज्याला 'नाही' म्हणता येत नाही त्याच्या 'होय'ला मान्यता म्हणता येईल काय? हा प्रश्न स्वामी-दासाच्या प्रकरणातील हेगेल राज्यमीमांसेतील हेगेलला विचारतो. ओडिशातील नियामगिरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ग्रामसभांचे मत घेण्यास सांगितले, आणि बाराही ग्रामसभांनी खाणीस नकार दिला. तो नकार टिकला म्हणूनच तेथील मान्यता वास्तव ठरली. गडचिरोलीत लोहखनिजाचा प्रश्न जेथे उभा आहे तेथे ह्याच कसोटीने पाहावे लागेल.

शेवटी ग्रामसभेच्या 'आम्ही'लाही हीच कसोटी लावली पाहिजे. एकमत करावयाचे म्हणून कोणाला गप्प बसविण्यात आले तर ती सहमती नव्हे. स्त्रिया, गावातील अल्पसंख्य कुटुंबे, निर्णयाशी असहमत असलेला एकटा मनुष्य, ह्यांना सभेत मान्यता आहे की केवळ ओळख आहे, हे प्रत्येक ग्रामसभेने स्वतःला विचारावयाचे आहे. समूहाचे ऐक्य आधीच सिद्ध मानण्याची चूक वेदान्ताच्या वाचनात जशी होते तशीच ग्रामसभेच्या गौरवातही होऊ शकते.

तात्पर्य असे की मराठीतून जर्मन चिद्वाद शिकविताना तीन शब्दांबाबत आपण सावध असले पाहिजे. आत्मभान म्हणजे साक्षी नव्हे, तर दावा करणारे व त्याची जबाबदारी घेणारे कर्तृत्व. मान्यता म्हणजे ओळख पटणे नव्हे, तर दुसऱ्याच्या 'नाही'लाही जागा देणारी कृती. वास्तव म्हणजे अबाधित असणे नव्हे, तर परिणाम घडविणे. २०११ मध्ये गडचिरोलीस गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाल्यापासून ह्या दोन जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांना पदव्युत्तर शिक्षणासाठी आपल्याच परिसरात विद्यापीठ लाभले आहे. त्यांपैकी काहींच्या घरी वनहक्काच्या दाव्याचे कागद असतील. कांटच्या ग्रंथातील 'डिडक्शन' शिकविताना त्यांना तर्कशास्त्राचे निगमन शिकवावयाचे की हक्काच्या दाव्याचा अर्थ सांगावयाचा, ह्याचा निर्णय अध्यापकाने केला पाहिजे. दुसरा पर्याय मूळ ग्रंथाशी अधिक प्रामाणिक आहे, आणि त्या विद्यार्थ्यालाही तोच आपला वाटेल.